पूर्णवेळ एमबीए: अर्ज भरण्याआधी काय ठरवावं, आणि वर्ग सुरू झाल्यावर काय वाट्याला येतं

दीपमाळ

परदेशातल्या पूर्णवेळ एमबीएचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास जीमॅट या प्रवेशपरीक्षेच्या गुणांचा असतो. त्यावर या धाग्यात जाणकार लिहितीलच. पण अर्जातली सगळ्यात अवघड जागा वेगळी आहे: 'एमबीएनंतर नक्की काय करणार?' हा प्रश्न. बरेच जण तो औपचारिक समजून दोन गुळगुळीत वाक्यांत उरकतात आणि तिथेच अर्ज ढिला पडतो.

बी-स्कूल (एमबीए शिकवणारी संस्था) हा प्रश्न इतक्या खोदून का विचारतं, हे अभ्यासक्रमाचं वेळापत्रक पाहिलं की कळतं. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वर्ग ऑगस्टअखेरीस किंवा सप्टेंबरात सुरू होतात. कन्सल्टिंग कंपन्या आणि इन्व्हेस्टमेंट बँका सप्टेंबर-ऑक्टोबरातच कॅम्पसवर हजर असतात. त्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज वर्षअखेरीपर्यंत बंद होऊ लागतात आणि मुलाखती जानेवारीच्या आसपास सुरू होतात. म्हणजे 'दोन वर्षं आहेत, तिथे गेल्यावर ठरवू' म्हणणाऱ्याच्या हाती खरे सहा ते आठ आठवडे उरतात, आणि तेही अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स, फायनान्स एकदम अंगावर आलेले असताना. प्रवेश समितीला हे माहीत असतं. उत्तर कायम टिकावं अशी तिची अपेक्षा नसते. मन बदलणारे पुष्कळ असतात आणि त्यात गैर काही नाही. पण सुरुवात करण्याइतकी दिशा ठरलेली आहे का, हे ती तपासते.

एक वर्षाच्या अभ्यासक्रमात हा काळ आणखी आवळतो. इन्सिआड या युरोपातल्या बी-स्कूलचा अभ्यासक्रम 10 महिन्यांचा आहे. जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीला मधल्या उन्हाळी सुट्टीत इंटर्नशिप करता येते, दुसऱ्या तुकडीला ती सवड नाही. क्षेत्र पूर्ण बदलायचं असेल तर इंटर्नशिप हाच मुख्य पूल असतो, म्हणून अशांनी दोन वर्षांचा अभ्यासक्रम आधी पाहावा. त्याच क्षेत्रात वरच्या जागेवर जायचं असेल तर एक वर्ष पुरतं, आणि दुसऱ्या वर्षाचा पगारही बुडत नाही.

अर्जाचं वेळापत्रक उलटं मोजा. पहिली फेरी साधारण सप्टेंबरच्या पूर्वार्धात बंद होते, दुसरी जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, तिसरी मार्चअखेर ते एप्रिल. पहिली फेरी गाठायची तर परीक्षा जूनपर्यंत हातावेगळी हवी, शिफारस देणाऱ्यांशी बोलणं जुलैत व्हावं आणि निबंधांना आठ-दहा आठवडे मोकळे मिळावेत. परीक्षा आणि निबंध एकाच वेळी रेटायला घेतले की दोन्ही अर्धवट होतात. पहिली चांगली की दुसरी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जिथे अर्ज पक्का होईल ती फेरी. तिसरीत मात्र जागा आणि शिष्यवृत्तीचा निधी दोन्ही आटलेले असतात, आणि परदेशी विद्यार्थ्याला व्हिसासाठी वेळ कमी पडतो.

घननीळ

परीक्षेबद्दल लिहितो. जुन्या जीमॅटची पुस्तकं अजून फिरत असतात, त्यांतला बराच भाग आता निरुपयोगी आहे. जानेवारी 2024 नंतर जुनं स्वरूप बंद झालं. आताची परीक्षा 2 तास 15 मिनिटांची: तीन विभाग, प्रत्येकी 45 मिनिटं. क्वांटमध्ये (गणित) 21 प्रश्न, व्हर्बलमध्ये (भाषा आणि तर्क) 23, डेटा इनसाइट्समध्ये (तक्ते-आलेखांवरून निष्कर्ष) 20. निबंध गेला, व्याकरण तपासणारे सेंटेन्स करेक्शनचे प्रश्न गेले, क्वांटमधली भूमिती गेली. डेटा सफिशियन्सी, म्हणजे दिलेली माहिती उत्तराला पुरते का हे ठरवायचे प्रश्न, क्वांटमधून डेटा इनसाइट्समध्ये आली. कॅल्क्युलेटर फक्त डेटा इनसाइट्समध्ये मिळतो. गुण 205 ते 805 आणि शेवटचा आकडा नेहमी 5.

जुन्या 700 शी तुलना करून घाबरू नका. नवीन मोजपट्टीवर साधारण 645 म्हणजे जुने 700. एखाद्या स्कूलच्या पानावर 'सरासरी 730' दिसलं तर ती कोणत्या परीक्षेची हे आधी बघा.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे विभाग अर्धवट सोडणं. न सोडवलेल्या प्रश्नांचा फटका चुकलेल्या प्रश्नांपेक्षा जास्त बसतो. क्वांटला प्रश्नामागे दोन मिनिटांपेक्षा थोडे जास्त मिळतात, व्हर्बलला दोनपेक्षा किंचित कमी, डेटा इनसाइट्सला सव्वादोन. तिसरं मिनिट उलटूनही वाट सापडत नसेल तर अंदाजाने उत्तर भरा, खूण करून ठेवा, पुढे चला. विभाग संपल्यावर वेळ उरला तर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. या सोयीवर विसंबून पहिल्या खेपेला सैल सोडवणारे अडचणीत येतात, कारण तीन म्हणजे फक्त तीनच.

तयारीत चुकांची वही हवी. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे कारण लिहा: संकल्पना माहीत नव्हती, वाचण्यात चूक झाली, की वेळेच्या दडपणाखाली घाई झाली. दोन आठवड्यांनी वही पाहिली की एकच कारण पुन्हा पुन्हा दिसतं, त्यावर काम करा. अधिकृत सराव चाचण्या सहा आहेत, त्यांतल्या पहिल्या दोन मोफत. त्या जपून वापरा, दर तीन आठवड्यांनी एक. रोज चाचण्या देऊन गुण वाढत नाहीत.

जीमॅटऐवजी जीआरई ही दुसरी प्रवेशपरीक्षा सगळीकडेच चालते म्हटलं तरी हरकत नाही. ती आता दोन तासांच्या आत संपते, दोन्ही मुख्य विभागांचे गुण 130 ते 170 असतात आणि भूमिती अजून आहे. शब्दसंग्रह चांगला असेल तर जीआरई, तर्काचे गुंतागुंतीचे तक्ते आवडत असतील तर जीमॅट. दोन्हींचे गुण पाच वर्षं चालतात. टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांचे मात्र दोनच वर्षं, तेव्हा त्या फार आधी देऊन ठेवू नका.

पाणपोई

दोन्ही प्रतिसाद नीट वाचले. एक प्रश्न: सध्याच्या वरिष्ठांना एमबीएचा विचार सांगितला तर बढती किंवा बोनस अडकेल अशी परिस्थिती बऱ्याच जणांची असते. मग शिफारस कोणाकडून घ्यावी? आणि त्यात नेमकं काय विचारतात?

उत्तररात्र

पाणपोई, ही अडचण समित्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. आधीचे थेट वरिष्ठ, दुसऱ्या विभागातले पण ज्यांनी तुमचं काम जवळून पाहिलं असे व्यवस्थापक, किंवा दीर्घ प्रकल्पातला ग्राहक चालतो. सध्याचे वरिष्ठ का नाहीत, हे ऐच्छिक निबंधात एका वाक्यात लिहा: 'सध्याच्या कंपनीत माझा अर्ज अजून जाहीर नाही.' एवढं पुरे. मोठ्या पदावरचा पण तुमचं काम न पाहिलेला माणूस कधीच घेऊ नका. 'हुशार, मेहनती, मनमिळाऊ' यापलीकडे त्याला काही लिहिता येत नाही. प्राध्यापकही नकोत, नोकरीतला अनुभव फारच कमी असेल तर गोष्ट वेगळी.

शिफारसी बहुधा दोन लागतात. पुष्कळ स्कूल एकसारखे प्रश्न वापरतात. तुमचं आणि उमेदवाराचं नातं काय. त्याच भूमिकेतल्या इतरांच्या तुलनेत त्याचं काम कसं आहे, उदाहरण द्या. आणि तुम्ही त्याला दिलेला सगळ्यात महत्त्वाचा सुधारणेचा सल्ला कोणता, त्यावर त्याने काय केलं. शिवाय गुणवैशिष्ट्यांचा एक तक्ता भरायचा असतो.

घसरतं ते तिसऱ्या प्रश्नावर. आपल्या माणसाचं वाईट कसं लिहायचं म्हणून शिफारस देणारे 'तो फार जास्त काम करतो' असं लिहून मोकळे होतात. समितीला हे उत्तर रिकामं दिसतं. खरी त्रुटी, ती सांगितल्याची वेळ आणि त्यानंतरचा बदल, हे तिन्ही आले तर तेच पत्रातलं सगळ्यात वजनदार उत्तर ठरतं.

शिफारस देणाऱ्याला एक पानी टिपण द्या: कोणते प्रकल्प एकत्र केले, त्यात तुमचा वाटा काय, आकडे काय, त्यांनी तेव्हा काय सुचवलं होतं. ते विसरलेले असतात, आठवण करून देण्यात काही चूक नाही. पण पत्र स्वतः लिहून त्यांच्या सहीने पाठवणं, यापासून पूर्ण दूर राहा. हा अप्रामाणिकपणा आहे, आणि तो कळूनही येतो. निबंध आणि दोन्ही पत्रं एकाच माणसाच्या शब्दांत उतरलेली दिसतात, ठरावीक शब्द, ठरावीक वाक्यांची लांबी. अर्ज तिथेच संपतो. पत्र त्यांनी थेट स्कूलच्या दुव्यावरून भरायचं असतं आणि शक्यतो कार्यालयीन ईमेलवरून. मुदतीच्या दहा दिवस आधीची तारीख त्यांना सांगा.

तळटीप

निबंधांबद्दल थोडं. निबंध सुरू करण्याआधी एक काम करा. रेझ्युमे, गुणपत्रिका, दोन शिफारसी आणि निबंध हे सगळे तुकडे वाचणारा माणूस एकच असतो. कागदावर रकाने करा आणि प्रत्येक तुकड्यातून त्याला काय कळेल ते लिहा. तीच यशाची कहाणी रेझ्युमेत, निबंधात आणि दोन्ही पत्रांत आली तर चार जागांपैकी तीन वाया गेल्या. उलट, निबंधात 'संघ उभा केला' म्हणायचं आणि शिफारशीत 'एकट्याने उत्तम काम करतो' असं यायचं, ही विसंगती तर जास्त घातक.

रेझ्युमे एकच पान. 'जबाबदारी होती' अशी वाक्यं काढून टाका. काय केलं, किती मोठं, काय बदललं. 'अहवाल तयार केले' याऐवजी 'मासिक अहवालाचा वेळ 6 दिवसांवरून 2 दिवसांवर आणला'. तुमच्या क्षेत्राची परिभाषा बाहेरच्या माणसाला कळत नाही, ती सोडवून लिहा.

उद्दिष्टाच्या निबंधात पद, क्षेत्र आणि कामाचं स्वरूप यावं. 'व्यवसायजगतात नेतृत्व' हे उद्दिष्ट होत नाही. 'आरोग्यसेवा कंपन्यांत प्रॉडक्ट मॅनेजर, पुढे रुग्णालयांसाठीच्या सॉफ्टवेअरचा विभाग सांभाळणं' हे होतं. मग हातात असलेलं कौशल्य आणि लागणारं कौशल्य यांतली फट दाखवा आणि ती त्या स्कूलमध्ये कशी भरेल ते सांगा. विषयांची नावं वेबसाइटवरून उतरवून काढण्याने ही फट भरत नाही. तो विषय तुमच्या कोणत्या उणिवेवर लागू पडतो हे सांगता आलं पाहिजे.

स्टॅनफर्डचा 'तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का' हा प्रश्न वेगळ्या जातीचा. तिथे नोकरीतली कामगिरी मांडणारे उत्तर चुकवतात. वजन 'का' या शब्दावर आहे.

ऐच्छिक निबंधाबाबत माझं मत ठाम आहे: नोकरीतला खंड, एखाद्या वर्षाचे कमी गुण, शिफारशीची अडचण, एवढ्यासाठीच वापरावा. जास्तीची फुशारकी नको.

दीपमाळ

तळटीप, शेवटच्या मुद्द्यात थोडी भर. कमी गुणांचं स्पष्टीकरण देताना कारणात अडकू नये. दोन वाक्यं कारण आणि दोन वाक्यं पुरावा: त्यानंतर गणिताचा कोणता ऑनलाइन विषय परीक्षेसह पूर्ण केला, क्वांटला किती मिळाले. आणि गुणांचं रूपांतर स्वतः करू नका. स्कूलने वेगळं सांगितलं नसेल तर गुणपत्रिकेत आहेत तसेच त्याच मोजपट्टीवर भरा.

मुलाखतीचे प्रकार आधी ओळखा. बऱ्याच ठिकाणी मुलाखत घेणाऱ्याने फक्त रेझ्युमे पाहिलेला असतो, तिथे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. हार्वर्ड आणि एमआयटी स्लोनमध्ये पूर्ण अर्ज वाचून येतात, तिथे निबंधातल्या एका ओळीवर सलग चार प्रश्न येऊ शकतात. आदल्या रात्री स्वतःचा अर्ज पुन्हा वाचा. इन्सिआडमध्ये माजी विद्यार्थी मुलाखत घेतात, सहसा दोन वेगवेगळे. व्हॉर्टनमध्ये पाच-सहा उमेदवारांची 35 मिनिटांची गटचर्चा असते आणि नंतर थोडा वेळ प्रत्येकाशी स्वतंत्र बोलणं. त्या चर्चेत सर्वात जास्त बोलणारा पुढे जात नाही. घड्याळ पाहून 'आपल्याकडे दहा मिनिटं उरली, एक पर्याय निवडू या' म्हणणारा, गप्प बसलेल्याला विचारणारा आणि स्वतःची कल्पना मागे घेऊ शकणारा लक्षात राहतो.

'एखादा प्रसंग सांगा' या प्रश्नांसाठी सहा-सात प्रसंग तयार ठेवा: मतभेद, अपयश, अधिकार नसताना लोकांना सोबत घेणं, अपुऱ्या माहितीवर निर्णय. प्रत्येक दोन मिनिटांत बसला पाहिजे. पाऊण वेळ पार्श्वभूमीत जातो आणि 'तुम्ही काय केलंत' तिथे येईपर्यंत मुलाखतकाराचं लक्ष उडतं, हे फार होतं. पार्श्वभूमी वीस सेकंद.

शिरीषफूल

निकालानंतरच्या गोष्टींकडे दुर्लक्ष होतं. प्रवेश मिळाल्यावर अनेक स्कूल बाहेरच्या संस्थेकडून अर्जातली माहिती पडताळतात: पदनाम, रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, पगार, पदवी. अर्ज भरतानाच नियुक्तीपत्र आणि शेवटची पगारचिठ्ठी समोर ठेवा. 'मॅनेजर म्हणूनच काम करत होतो' म्हणून पदनाम बदलणं हे खोट्या माहितीत मोडतं आणि दिलेला प्रवेश काढून घेतला जातो.

प्रतीक्षा यादीत नाव आलं तर आधी स्कूलची सूचना वाचा. काही ठिकाणी नवीन काही पाठवू नका असंच लिहिलेलं असतं. चालत असेल तर एकच पत्र: बढती, वाढलेले गुण, पूर्ण केलेला विषय, आणि जागा मिळाली तर येणार हे स्पष्ट. दर आठवड्याला ईमेल पाठवण्याने नुकसानच होतं.

पाणपोई

शिफारशीचं उत्तर अगदी हवं तसं मिळालं, आभार. आता वर्गाबद्दल. केस पद्धत म्हणजे रोज प्रत्यक्षात काय करायचं?

तळटीप

केस म्हणजे एखाद्या कंपनीतल्या निर्णयाच्या क्षणाचं दहा ते पंचवीस पानी वर्णन, शेवटी तक्ते. हार्वर्डमध्ये साधारण 90 जणांची तुकडी पहिलं वर्षभर एकत्र बसते आणि दिवसाला दोन-तीन केस असतात. अनेक विषयांत जवळपास निम्मे गुण वर्गातल्या सहभागाचे. म्हणजे गप्प बसणं ही गुणांतली थेट तूट आहे.

पहिल्या महिन्यात सगळे एकच चूक करतात: पान एकपासून शेवटपर्यंत अधोरेखित करत वाचतात, तीन तास जातात आणि निर्णयावर विचारच झालेला नसतो. उलट क्रम लावा. पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचा: निर्णय कोणाचा, कधीपर्यंत, पर्याय कोणते. मग तक्ते पाहा आणि कोणता आकडा काढता येईल ते ठरवा, एका ग्राहकामागे नफा, ना-नफा-ना-तोटा पातळी, जे लागू पडेल ते. त्यानंतर मजकूर वाचा, आता तुम्ही काहीतरी शोधत वाचत असता. शेवटी एका ओळीत स्वतःचा निर्णय, त्याच्या बाजूने दोन कारणं आणि त्याविरुद्धचा सगळ्यात मजबूत मुद्दा. केसमागे दीड तास पुरतो. सकाळी पाच-सहा जणांच्या अभ्यासगटात वीस-तीस मिनिटं बोलून घ्या. तिथे तुमची आकडेमोड चुकलेली कळते.

वर्गात आधीच्या बोलणाऱ्याला धरून बोला. मनात पाठ केलेला मुद्दा चर्चा पुढे सरकल्यावर टाकला तर त्याची किंमत शून्य. उशिरा हात वर करणाऱ्यांसाठी एक उपाय: चर्चेच्या पहिल्या दहा मिनिटांत एक साधा आकडा मांडा. चर्चा पुढे गेली की बोलणं अवघड होत जातं.

सगळीकडे असं नसतं. शिकागो बूथमध्ये नेतृत्वाचा एकच विषय सगळ्यांना सक्तीचा, बाकीचे ठरावीक गटांतून निवडायचे आणि जागांसाठी स्कूलने दिलेल्या पॉइंट्सची बोली लावायची. व्याख्यानं आणि गृहपाठ जास्त. स्वतःला कोणत्या पद्धतीत शिकता येतं याचा विचार अर्जाआधीच करावा; क्रमवारीच्या यादीत हा रकाना नसतो.

घननीळ

वर्ग सुरू होण्याआधीच्या दोन महिन्यांसाठी: ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह एकमेकांशी कसे जुळतात ते हाताने सोडवून पाहा, एक्सेलमध्ये वर्तमान मूल्य (पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत) काढता यावं, स्टॅटिस्टिक्समध्ये रिग्रेशनपर्यंत (एका गोष्टीचा दुसरीशी आकड्यांतला संबंध काढण्यापर्यंत) उजळणी. कारण पहिल्या सत्रात याच विषयांच्या वेळी भरती चालू असते. गुण अनेकदा वर्गातल्या स्थानावर ठरतात आणि तळाचा वाटा कोणाला तरी मिळतोच.

कन्सल्टिंगच्या केस मुलाखतीसाठी (तिथे एखाद्या कंपनीची अडचण समोरासमोर सोडवायला देतात) 25-30 सराव मुलाखती धरा, पहिल्या दहा सहाध्यायांबरोबर आणि शेवटच्या काही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर. टेक आणि छोट्या कंपन्यांची भरती वसंतात, जागा निघेल तशी होते. जानेवारीत मित्रांना ऑफर मिळाल्या म्हणून घाबरून नको त्या बँकेत अर्ज करणारे बरेच दिसतात. तुमच्या क्षेत्राचं कॅलेंडर वेगळं आहे हे आधीच लिहून ठेवा. इंटर्नशिप 10-12 आठवड्यांची असते आणि तिथूनच कायमच्या नोकरीची ऑफर येऊ शकते, म्हणून सहाव्या आठवड्याच्या आत कामाबद्दल अभिप्राय मागा. शेवटच्या आठवड्यात कळलेली त्रुटी दुरुस्त करायला वेळ नसतो.

शिरीषफूल

पैशाचा हिशेब राहिला. फी, जादा राहणीखर्च (आताही राहायला खर्च होतोच, फक्त वरचा फरक धरा), विमा, अभ्यास सहली, व्याज, आणि दोन वर्षांचा हातात येणारा पगार. यातून शिष्यवृत्ती आणि इंटर्नशिपचं उत्पन्न वजा. समजा आजचा वर्षाचा हातातला पगार 1 एकक. फी आणि जादा खर्च 4, बुडालेला पगार 2, शिष्यवृत्ती 1, इंटर्नशिप 0.5. एकूण 4.5. नंतरचा पगार 2.5 झाला तर वर्षाची वाढ 1.5, म्हणजे तीन वर्षं, व्याज धरलं तर त्याहून जास्त. नंतरचा पगार 1.75 च झाला तर सहा वर्षं. हा दुसरा आकडा पचत असेल तरच कर्ज काढा.

'नंतरचा पगार' स्कूलच्या रोजगार अहवालातून घेताना भागाकाराखालची संख्या तपासा. टक्केवारी सहसा फक्त नोकरी शोधणाऱ्यांची असते. 200 जण उत्तीर्ण. 30 जणांना कंपनीने पाठवलेलं, 15 जणांचा स्वतःचा उद्योग, 5 जण शोधत नाहीत. उरले 150. तीन महिन्यांत 120 जणांना नोकरी, म्हणजे 80 टक्के. पगार त्यातल्या 75 जणांनीच कळवला, तर छापलेला मध्यक त्या 75 जणांचा. हे लपवलेलं नसतं, तळाच्या बारीक अक्षरांत असतं. तुमच्या क्षेत्राची आणि तुम्हाला काम करायचं आहे त्या प्रदेशाची ओळ शोधा. तिथे फक्त चार जण दिसले तर करिअर कार्यालयाला विचारा की ते चार त्या क्षेत्रात आधीपासून होते की बाहेरून आले.

पाणपोई

हा शेवटचा प्रश्न अर्ज करण्याआधी विचारला तर उत्तर देतात का?

शिरीषफूल

माहितीसत्रात विचारा, बहुतेक वेळा देतात. नाही दिलं तर त्या क्षेत्राच्या विद्यार्थी क्लबच्या पदाधिकाऱ्यांना लिहा. त्यांचे ईमेल क्लबच्या पानावर असतात. वीस मिनिटांचा वेळ मागा, आणि शक्यतो ऑगस्टच्या आत. सप्टेंबरात त्यांचीही भरती सुरू झालेली असते.